वास आणि ज्वाला यांच्यामधला वेळ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींचा एक तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. आम्ही आठवीत होतो. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक काचेचे कपाट आणि स्पिरिटचा दिवा. गुरुजींनी दिवा पेटवला आणि बारीक तारेची जाळी ज्योतीवर आडवी धरून हळूहळू खाली आणली. ज्योत जाळीखाली दबली, पण जाळीतून वर आली नाही. तारेने उष्णता शोषून घेतली आणि वरची वाफ पेटण्याइतकी तापलीच नाही. मग त्यांनी सांगितले की १८१५ साली इंग्लंडात हंफ्री डेव्ही यांनी याच तत्त्वावर खाणकामगारांसाठी दिवा तयार केला. ज्योत जाळीच्या आत, खाणीतला ज्वालाग्राही वायू बाहेर. शिवाय हवेत तो वायू मिसळला असेल, तर ज्योतीच्या टोकावर एक फिकट निळी टोपी दिसते. उजेड देणाऱ्या दिव्याने धोकाही दाखवावा, अशी ती युक्ती होती.

इथवर सगळे पाठ्यपुस्तकात होते. पण गुरुजींनी एका मुलाला उभे केले आणि विचारले, ‘‘ज्योत निळी झाली. आता तू काय करशील?’’ तो म्हणाला, ‘‘बाहेर पळेन, गुरुजी.’’ ‘‘आणि मुकादम म्हणाला, पाळी संपेपर्यंत थांब, तर?’’ वर्गात कोणाकडेच उत्तर नव्हते. गुरुजींनीही ते दिले नाही. घंटा झाली आणि ते पुढच्या वर्गावर गेले. पुढे माझे सारे आयुष्य कारखान्यांतील सुरक्षेच्या कामात गेले, आणि गुरुजींनी सोडून दिलेला तो प्रश्न मला जागोजागी पुन्हा भेटत राहिला. आज त्याविषयीच बोलणार आहे.

डेव्हीच्या दिव्याची पुढची हकिकत गुरुजींनी सांगितली नव्हती. ती मी नंतर वाचली. दिवा आल्यावर खाणींतले स्फोट जितके कमी व्हावेत असे वाटले होते, तितके झाले नाहीत. पूर्वी वायूच्या भीतीने जे कोळशाचे थर सोडून दिले जात, त्यांतही मालकांनी आता माणसे उतरवली. दिव्याने जी सुरक्षितता मिळवून दिली ती उत्पादनात खर्च झाली.

आता मूळ विषयाकडे वळतो. आग लागल्यावर ती सांगणारी साधने आपल्या परिचयाची आहेत. धुराचा शोधक धूर झाल्यावर वाजतो, उष्णतेचा शोधक छत तापल्यावर. म्हणजे दोन्ही आगीची बातमी देतात. गॅस डिटेक्टर मात्र आगीच्या आधीची बातमी देतो: इंधन आणि हवा एकत्र आली आहेत, फक्त ठिणगी यायची आहे. इमारतींच्या आणि कारखान्यांच्या अग्निसुरक्षेत त्याचे स्थान वेगळे आहे ते याच कारणाने. ज्वाला अजून नाही, तेव्हा विझवायचे काही नाही. फक्त झडप बंद करायची, वारा येऊ द्यायचा, माणसे बाहेर काढायची. हे काम पाण्याच्या बंबापेक्षा कितीतरी सोपे आहे, पण ते वेळेत व्हावे लागते.

हा वेळ किती असतो, याचा हिशेब घरच्याच उदाहरणाने करू. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण दोन टक्क्यांहून कमी असेल तर पेटत नाही. सुमारे साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला तरी पेटत नाही, कारण मग हवा अपुरी पडते. या दोन मर्यादांच्या मधला पट्टा स्फोटाचा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच स्वयंपाकघर घ्या. ते पूर्ण भरून दोन टक्के गॅस व्हायला सुमारे सव्वा किलो गॅस लागेल. सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो, म्हणजे त्याचा दहावा हिस्साही नाही. पण खरी मेख पुढे आहे. हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो खोलीभर सारखा पसरत नाही, पाण्यासारखा जमिनीवर उतरतो. खालच्या दोन फुटांतच तो राहिला, तर पाव किलोदेखील पुरे. उभ्या माणसाच्या नाकाला वास जेमतेम येत असतो आणि घोट्यापाशी स्फोटाचे मिश्रण तयार झालेले असते.

खासबाग, वडगाव, शहापूर या आपल्या विणकरांच्या वस्त्यांत ही गोष्ट फार जपून समजून घ्यायला हवी. खड्ड्याचा हातमाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल: विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर असतात. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल, मध्ये एक उंबरा, अशी घराची रचना. लाकडाच्या चुलीच्या काळात त्यात काही धोका नव्हता. चुलीच्या जागी सिलिंडर आला, तेव्हा मात्र हा खड्डा घरातली सर्वांत खोलगट जागा ठरला. चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्ड्यात स्फोटाच्या मर्यादेचे मिश्रण व्हायला चाळीस ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो, बाहेर गळलेला सगळा वायू तिथे उतरला असे धरले तर. आता बहुतेक ठिकाणी यंत्रमाग आले आहेत. पण यंत्रमागाला मोटर आहे, मोटरला स्विच आहे, आणि पहाटे अंधारात उठून विणकर आधी हात घालतो तो स्विचलाच.

कोणी म्हणेल, गॅसला वास येतो, मग यंत्र कशाला? तर त्या वासाचीही एक कहाणी आहे, आणि ती एका शाळेची आहे. नैसर्गिक वायूला आणि शुद्ध स्वरूपातील स्वयंपाकाच्या गॅसला जवळजवळ वास नसतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी तेलाच्या पैशातून एक मोठी शाळा उभी राहिली होती. १९३७ च्या सुरुवातीला खर्च वाचवावा म्हणून शाळेने रीतसर पुरवठा बंद करून तेलक्षेत्रातल्या वाया जाणाऱ्या वायूच्या नळीला जोड घेतला. तो वायू इमारतीखालच्या पोकळीत गळत राहिला. वास नाही, रंग नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटण्याच्या जरा आधी, कार्यशाळेतील शिक्षकांनी घासकामाच्या एका विजेच्या यंत्राचे बटण दाबले. जवळजवळ तीनशे मुले आणि शिक्षक त्या क्षणी गेले. त्यानंतर टेक्सासने वायूत दुर्गंधी मिसळण्याची सक्ती करणारा कायदा केला, आणि ती रीत हळूहळू जगभर गेली. आपल्या सिलिंडरमध्ये मिसळतात ते इथिल मरकॅप्टन. त्याचा वास अब्जावधी भागांत काही भाग इतक्या अल्प प्रमाणातही माणसाला कळतो. मिसळण्याचे प्रमाण असे ठेवतात की स्फोटमर्यादेच्या पाचव्या हिश्श्यालाच वास यावा. आपल्या घरात गॅसचा जो उग्र दर्प येतो तो त्या मुलांनी मागे ठेवलेला आहे. मला तो कधी नुसता दर्प वाटला नाही.

पण नाकाच्या मर्यादा आहेत. सर्दी झाली की नाक बंद. म्हातारपणी घ्राणशक्ती मंदावते. झोपेत वासाने जाग येईल असा भरवसा धरता येत नाही. काही वेळ एकाच वासात राहिले की नाक त्याला सरावते. गटाराशेजारी राहणाऱ्याला गटाराचा वास येत नाही, हे आपण जाणतोच. काही वायू तर नाकालाच फसवतात. मैलागटारात आणि साखर कारखान्याच्या मळीच्या सांडपाण्यात तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा येतो. शंभर-दीडशे दशलक्षांश झाला की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो. उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला, हवा सुटली. गटारात उतरून एकामागून एक माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतला दुसरा आणि तिसरा माणूस बहुधा पहिल्याला वाचवायला उतरलेला असतो.

कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. उद्यमबागेतील फाउंड्र्यांत ज्यांनी क्युपोला भट्टीच्या वरच्या माचीवर भरणीचे काम केले आहे, त्यांना डोके जड होणे, मळमळणे ही पाळीच्या अखेरीची नेहमीची तक्रार वाटायची. ती उन्हाची तक्रार नव्हती. आता पुष्कळ ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या आहेत आणि तो त्रास घटला आहे. पण तोच वायू घराघरांत न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या रूपाने शिरला. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात आतच बसवलेला गिझर थंडीच्या दिवसांत दार लावून चालवू नये, एवढे तरी आज घरी जाऊन सांगा. गिझर बाहेर लावता येतो.

खाणीत या वायूची सूचना द्यायला कॅनरी पक्षी नेत. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने सुचवलेली ही पद्धत. लहान पक्ष्याचा श्वास जलद, म्हणून तो माणसाच्या आधी कोसळतो. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी १९८६ साली निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी विजेवर चालणारे शोधक आले. अशा शोधकांचे मुख्य प्रकार थोडक्यात सांगतो. एकात उत्प्रेरक लेप दिलेला लहानसा मणी तापवलेला असतो. ज्वलनशील वायू त्यावर जळतो, मण्याचे तापमान वाढते, विजेचा रोध बदलतो आणि काटा हलतो. दुसऱ्यात अवरक्त किरण हवेतून सोडतात आणि वायूने किती शोषले ते मोजतात. विषारी वायूंसाठी विद्युत्-रासायनिक घटक असतो. आणि घरगुती वापराचे स्वस्त यंत्र बहुधा अर्धवाहकाचे असते; ते जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये शोधले. कारखान्यात पहिला इशारा सहसा खालच्या स्फोटमर्यादेच्या वीस टक्क्यांवर ठेवतात, दुसरा चाळीस ते साठ टक्क्यांवर. दुसऱ्याला झडपा आपोआप बंद व्हाव्यात, पंखे सुरू व्हावेत, अशी जोडणी असते.

यंत्रालाही खोड्या आहेत, आणि विक्रेते त्या सांगत नाहीत. उत्प्रेरक मण्याला सिलिकोनची वाफ लागली तर तो मुका होतो, दिवा मात्र हिरवाच राहतो. त्याला काम करायला प्राणवायू लागतो. म्हणून वायू फारच दाट झाला तर आकडा वाढायच्या ऐवजी उलट खाली येतो, आणि अजाण माणूस समजतो, गळती थांबली. अर्धवाहकाचे यंत्र अत्तराच्या फवाऱ्यालाही ओरडते. म्हणून ठरावीक मुदतीने खऱ्या वायूची फुंकर देऊन परीक्षा घ्यावी लागते. बटण दाबून भोंगा वाजवून पाहणे ही भोंग्याची परीक्षा झाली, शोधकाची नव्हे.

जागेचाही विचार हवा. स्वयंपाकाच्या सिलिंडरचा वायू जड, म्हणून शोधक जमिनीपासून फूटभर उंचीवर. पण आता चित्र बदलते आहे. दाभोळ ते बेंगळूर ही वायुवाहिनी २०१३ मध्ये कार्यान्वित झाली; ती बेळगाव जिल्ह्यातूनच जाते, आणि शहरात घरोघरी नळाने नैसर्गिक वायू पोचू लागला आहे. हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, छताशी जमतो. त्याची स्फोटमर्यादा पाच ते पंधरा टक्के. सिलिंडर काढून नळ घेतला आणि शोधक मात्र खालीच राहू दिला, तर तो शोभेचा. अशा घरी शोधक छतापासून फूटभराच्या आत हवा. एकाच गल्लीत एका घरी सिलिंडर आणि शेजारी नळ असेल, तर शेजाऱ्याचे पाहून यंत्र लावू नये.

आता मी एक स्वतःची गोष्ट सांगणार आहे. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला. गुरुजी समोर बसलेले असते तर सांगितली असती, म्हणून सांगतो.

एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो. द्रावकाच्या साठ्याजवळ चार शोधक बसवलेले होते. पावसाळ्यात त्यांतला एक दर दोन-तीन दिवसांनी उगाच वाजे. वाजला की पंप आपोआप बंद पडत आणि पुढचे दोन तास उत्पादन थांबे. पहिल्या खेपेस सगळे धावले. चौथ्या खेपेस कोणी धावले नाही. कोणीतरी त्या शोधकावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. मी ती काढायला लावली. मग उत्पादन विभागाने रीतसर टिपण पाठवले की दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत हा शोधक पंपाच्या जोडणीतून वेगळा करावा. टिपणात गैर असे काही नव्हते. मी सही केली. ‘तोवर दर तासाला हाती धरण्याच्या यंत्राने तपासणी व्हावी’ असेही मीच लिहिले. दिवसा ती झाली. सहाव्या रात्री पाऊस जोराचा होता, तपासणीचा रकाना भरलेला होता, पण तपासणी झालेली नव्हती. पंपाच्या गळपट्टीतून द्रावक झिरपत होते. पहाटे ते पेटले. एक तरुण जोडारी दोन्ही हातांनी भाजला. तो वाचला, पण बोटे पूर्ण वळण्याइतकी बरी झाली नाहीत.

चौकशीत कोणावर ठपका आला नाही. सर्व कागद नियमाप्रमाणे होते. माझ्या सहीचा कागदसुद्धा. मी त्या रात्रीचा पुष्कळ विचार केला आहे. पावसाळ्यात वारंवार वाजणारा शोधक ओल धरतो, त्याला झाकण किंवा जागा बदलणे एवढाच उपाय होता, आणि तो करायला एक दिवस पुरला असता. पण त्या एका दिवसाचे उत्पादन थांबवण्याचा अधिकार कागदावर माझा असला, तरी तो वापरायची माझी छाती झाली नाही. मुकादम म्हणाला, पाळी संपेपर्यंत थांब. आणि मी थांबलो.

म्हणून मोठ्या अपघातांचे अहवाल वाचताना मी यंत्राच्या आधी माणसे शोधतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतले १४ एप्रिल १९४४ चे उदाहरण घ्या. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज कराचीहून आले होते. त्यात कापसाच्या हजारो गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके, एकाच जहाजात. कापसाची गासडी आतून धुमसते. बाहेर धूर दिसायच्या आधी कितीतरी वेळ तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. आज गोदामात त्याचा शोधक बसवता येतो. त्या काळी कोठारात तशी सोय नव्हती. पण नुसती यंत्राची उणीव सांगून भागत नाही. दुपारी दोनच्या सुमारास धूर सर्वांना दिसला होता. स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी. मधले दोन तास जहाज जागीच बुडवावे की ओढून बाहेर न्यावे यावर बोलणे चालले, आणि तो निर्णय कोणीही घेतला नाही. साठाहून अधिक अग्निशामक जवान आगीवर पाणी मारता मारता गेले; शहरात मृतांची संख्या शेकड्यांत. आपल्या देशात १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. कापूस आणि सूत हाताळणाऱ्या आपल्यासारख्या गावाने, आणि तंबाखूची गोदामे असलेल्या निपाणीनेही, धुमसण्याची ही गोष्ट विसरता कामा नये.

महाराष्ट्रात नागोठण्याच्या पेट्रोरसायन संकुलात ५ नोव्हेंबर १९९० रोजी इथेन-प्रोपेनच्या गळतीतून स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. भोपाळचा अपघात आगीचा नव्हता, पण तिथली एक गोष्ट आपल्या विषयाची आहे: गळती कळण्यासाठी कामगारांच्या डोळ्यांना येणाऱ्या पाण्यावर विसंबले जात होते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास डोळ्यांनी ती सूचना दिलीही होती. चहानंतर पाहू, असे ठरले.

वेळ हाताशी असूनही कसा जातो हे जयपूरच्या अपघाताइतके स्पष्ट मला दुसरीकडे दिसले नाही. २९ ऑक्टोबर २००९ रोजी संध्याकाळी सीतापुरा येथील तेलसाठ्यात पेट्रोल दुसऱ्या कंपनीच्या टाकीकडे सोडण्याची तयारी चालू असताना एका झडपेतून पेट्रोलचा फवारा उडू लागला. जवळचे कर्मचारी वाफेने गुदमरले; मदतीला गेलेलेही. पुढे सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिले. वाफेचा ढग जमिनीलगत पसरत गेला आणि मग कुठेतरी ठिणगी पडली. दहाहून अधिक माणसे गेली, आणि टाक्या कित्येक दिवस जळत होत्या. लाल समितीच्या शिफारशींत वाफेचे शोधक आणि दुरून बंद करता येणाऱ्या झडपा या दोन्ही गोष्टी आहेत. या दोन्हींना वेगळे करता येत नाही. सव्वा तास म्हणजे या शाळेतून चालत किल्ल्यापर्यंत जाऊन परत यायला पुरेल इतका वेळ. पण झडपेपर्यंत जायचे तर वाफेतून जावे लागत होते, आणि दूर बसून ती बंद करण्याची सोय चालू नव्हती.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण आहे मेक्सिकोतील ग्वादलहारा शहराचे. तिथे १९९२ च्या एप्रिलमध्ये गळलेले पेट्रोल गटारांत उतरले. लोकांनी दोन-चार दिवस तक्रारी केल्या की नळाखालून, मोरीतून पेट्रोलचा वास येतो. नगरपालिकेची माणसे आली, त्यांनी झाकणे उघडून मोजमाप केले, धोकादायक आकडा आला. म्हणजे नाकाने सांगितले आणि यंत्रानेही सांगितले. वस्ती रिकामी करण्याचा आदेश मात्र निघाला नाही. २२ एप्रिलला सकाळी कित्येक किलोमीटरचे रस्ते उखडले गेले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. जड वाफ गटाराने किती दूर जाते हे आपल्याकडेही दिसले आहे: उरणच्या वायुप्रक्रिया प्रकल्पात ३ सप्टेंबर २०१९ रोजी आग लागली ती पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यात, आणि तिच्याशी झुंजताना अग्निशमनाच्या जवानांसह चार जण गेले.

भोपाळनंतर, १९८७ साली, आपल्या कारखाना कायद्यात एक कलम घालण्यात आले: ४१ एच. नजीकचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या लक्षात आणून देण्याचा कामगाराचा हक्क त्यात मान्य झाला. मी ते कलम अनेक कारखान्यांच्या सूचनाफलकावर लावले. किती कामगारांनी ते वापरले, असे मला विचाराल तर बोटांवर मोजता येतील. हक्क कागदावर असणे आणि रात्रपाळीच्या मुलाने बटण दाबल्यावर सकाळी त्याला कोणी रागावणार नाही याची खात्री असणे, यांत फार अंतर आहे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी एक रीत पाडली. ज्याने इशाऱ्यावरून पंप बंद केला आणि इशारा खोटा निघाला, त्याच्या नावे दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर चहा. हसण्यावारी गेली, पण रीत टिकली, आणि पिशव्या बांधणे बंद झाले.

घराचेही तसेच. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये, दिवा चालू असला तर चालूच राहू द्यावा, बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हे सगळ्यांना पाठ आहे. पण घरात हे करायचे कोणी? वास पहिल्यांदा येतो तो बहुधा सुनेला किंवा शाळकरी मुलीला. मागावरचा धोटा थांबवा, मोटरला हात लावू नका, सगळे बाहेर चला, असे तिने म्हटले तर घरातले कर्ते पुरुष उठतात की ‘काही नाही, जरा खिडकी उघड’ म्हणतात? खासबागेत यंत्र घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक घराला मी यंत्राच्या किमतीच्या आधी हे विचारतो.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना शेवटी एक विनंती आहे, आणि ती मी आज सकाळी मागचे स्वयंपाकघर पाहून करतो आहे. मुलांचे दुपारचे जेवण तिथे शिजते. दोन सिलिंडर चुलीशेजारी आतच आहेत. ते भिंतीबाहेर जाळीच्या कपाटात न्यावेत आणि आत पक्की नळी घ्यावी. शोधक जमिनीपासून फूटभर उंचीवर लावावा, त्याची परीक्षा महिन्याला विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांसमोर घ्यावी. हा खर्च मोठा नाही, आणि माजी विद्यार्थी तो उचलतील असे मी त्यांना न विचारताच सांगून टाकतो. खरी मागणी वेगळी आहे. शाळेची घंटा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर टांगलेली आहे आणि ती शिपायाखेरीज कोणी वाजवायची नाही, हा नियम माझ्या लहानपणापासूनचा. स्वयंपाक करणाऱ्या दोन्ही बायकांना, कोणालाही न विचारता, ती घंटा वाजवून सगळी शाळा मैदानावर आणण्याचा अधिकार लेखी द्यावा. इशारा खोटा निघाला तर त्या दिवशी मुलांचा एक तास बुडेल. तो माझ्या नावे मांडावा.